विश्लेषण : वीज गेली तरी फोन का चालतो? एडिसन, फ्यूज आणि ४८ व्होल्टची गोष्ट

सोमवार, १२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईला वीज आणणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांत बिघाड झाला आणि शहराचा मोठा भाग बंद पडला. लोकल रुळांवर जागच्या जागी थांबल्या, सिग्नल विझले, उंच इमारतींतल्या लिफ्ट अडकल्या. करोनाकाळामुळे अनेकांचे ऑफिस घरातच होते, तेही थांबले. फोन मात्र एकदम मुके झाले नाहीत. काही ठिकाणी नेटवर्क कोलमडले, तरी लोकलमध्ये अडकलेल्या अनेकांनी घरी फोन करून खुशाली कळवली.

याचे कारण असे की, टेलिफोन एक्स्चेंज आणि मोबाइल टॉवर यांतली यंत्रे थेट घरगुती विजेवर चालतच नाहीत. ती चालतात ४८ व्होल्टच्या बॅटरीवर, एकाच दिशेने वाहणाऱ्या डीसी विजेवर. ही वीज एका लोखंडी रॅकमध्ये बसवलेल्या फ्यूज पॅनेलमधून प्रत्येक यंत्राला वाटून दिली जाते. तारायंत्र, टेलिफोन, बॅटरी, विजेचे वितरण आणि फ्यूज हे या व्यवस्थेचे पाचही धागे थॉमस अल्वा एडिसनच्या आयुष्यातून जातात. शाळेत एडिसन म्हणजे बल्ब असे शिकवले जाते. या लेखात त्याचे आयुष्य फ्यूजच्या बाजूने पाहू.

चिठ्ठीची गोष्ट खरी आहे का?

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मिलान या गावी झाला. १८५४ मध्ये कुटुंब मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरन येथे आले. शाळेने चिठ्ठी पाठवली, आईने तिचा मजकूर बदलून मुलाला वाचून दाखवला आणि आई गेल्यावर त्याला ती चिठ्ठी सापडली, ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे फिरते. तिला कोणताही आधार नाही. शाळेत तो फार काळ टिकला नाही आणि आईने त्याला घरी शिकवले, एवढे मात्र खरे. आई नॅन्सी लग्नाआधी शिक्षिका होती.

बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्युरन ते डेट्रॉइट या रेल्वेगाडीत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. याच वयात त्याला कमी ऐकू येऊ लागले आणि पुढे ते वाढतच गेले. १८६२ मध्ये माउंट क्लेमेन्स स्थानकावर स्टेशनमास्तरांचे लहान मूल रुळांवर खेळत असताना त्याने त्याला मालडब्याच्या वाटेतून ओढून वाचवले. त्या उपकाराची फेड म्हणून वडिलांनी एडिसनला तारेचे काम शिकवले.

बॅटरीचे आम्ल साहेबाच्या टेबलावर

पुढची पाच-सहा वर्षे तो गावोगावी तारमास्तर म्हणून भटकला. त्या काळच्या तार कचेरीत वीज बाहेरून येत नसे. मागच्या खोलीत काचेच्या बरण्यांत आम्ल आणि धातूच्या पट्ट्या ठेवून बॅटरी तयार केलेली असे. बॅटरी उतरली की तार बंद, म्हणून बॅटरीची निगा राखणे हा तारमास्तराच्या रोजच्या कामाचा भाग होता. आजच्या एक्स्चेंजमधल्या पॉवर रूमचे हे मूळ रूप.

लुइव्हिल शहरात वेस्टर्न युनियनच्या कचेरीत तो मुद्दाम रात्रपाळी मागून घेत असे, म्हणजे प्रयोगांना मोकळा वेळ मिळे. १८६७ मध्ये अशाच एका रात्री त्याच्या हातून सल्फ्युरिक आम्ल सांडले. ते फळ्यांच्या फटींतून खाली झिरपले आणि खालच्या मजल्यावर साहेबाच्या टेबलावर पडले. सकाळी नोकरी गेली.

१८६९ मध्ये त्याला पहिले पेटंट मिळाले, मते मोजण्याच्या विद्युत यंत्रासाठी. ते कोणी विकत घेतले नाही. लोकांना नको असलेली वस्तू पुन्हा बनवायची नाही, असा धडा त्याने त्यातून घेतला. त्याच वर्षी तो न्यूयॉर्कला आला. सोने आणि शेअरचे भाव तारेने कळवणाऱ्या यंत्रांत त्याने सुधारणा केल्या आणि त्या पैशातून नेवार्कला कारखाना काढला. १८७४ मध्ये एकाच तारेवरून एकाच वेळी चार संदेश पाठवण्याची पद्धत त्याने सिद्ध केली. १८७६ मध्ये न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्क येथे त्याची प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे चार्ल्स बॅचलर, जॉन क्रूसी, फ्रान्सिस अप्टन असे कसबी लोक एकत्र काम करत. एडिसनच्या नावावर अमेरिकेत १,०९३ पेटंट आहेत, पण त्यांमागे अशा अनेक हातांची मेहनत आहे.

टेलिफोनमध्ये एडिसनने कोणती भर घातली?

अलेक्झांडर ग्रॅहम बेलला टेलिफोनचे पेटंट १८७६ मध्ये मिळाले. त्या यंत्रात बोलणाऱ्याच्या आवाजानेच पडदा हलून अगदी क्षीण वीज तयार होई. अंतर वाढले की आवाज विरून जाई. एडिसनने १८७७ मध्ये वेगळा मार्ग धरला. त्याने बोलण्याच्या तोंडाशी काजळीची, म्हणजे कार्बनची, दाबलेली चकती बसवली आणि तिच्यातून बॅटरीचा प्रवाह सोडला. आवाजाच्या लहरीने चकतीवरचा दाब कमी-जास्त होई, तसा प्रवाह कमी-जास्त होई. म्हणजे आवाजाला स्वतः वीज तयार करावी लागत नव्हती, बॅटरीच्या विजेवर नुसते नियंत्रण ठेवायचे होते. आवाज मोठा आणि स्पष्ट झाला. या दिशेने इतरही काम करत होते आणि हक्कावरून पुढे बरीच वर्षे कज्जे चालले. तरी कार्बनचा हाच प्रकार जगभरच्या टेलिफोनमध्ये शंभर वर्षे टिकला.

यातून एक नवी गरज निर्माण झाली. प्रत्येक टेलिफोनला आता बॅटरी लागणार होती. सुरुवातीला ती ग्राहकाच्या घरच्या पेटीत असे. नंतर, १८९० च्या दशकापासून, सगळ्यांसाठी एकच मोठी बॅटरी एक्स्चेंजमध्ये ठेवण्याची पद्धत आली. घरी वीज नसली तरी जुना तारेचा फोन चालत असे तो यामुळेच. त्या फोनला लागणारी वीज बोलण्याच्याच तारेतून एक्स्चेंजकडून येई.

मुंबईशी याचा संबंध केव्हा आला?

एडिसन आणि बेल यांच्या बाजूच्या कंपन्यांनी जानेवारी १८८१ मध्ये करार करून ओरिएंटल टेलिफोन कंपनी स्थापन केली. हिंदुस्थानासह पूर्वेकडच्या देशांत टेलिफोन विकण्याचा परवाना तिच्याकडे होता. जानेवारी १८८२ मध्ये कोलकाता, मुंबई आणि मद्रास इथली पहिली एक्स्चेंज सुरू झाली. त्या वेळी परळ-लालबागच्या गिरण्या वाफेवर चालत होत्या, गिरगावात संध्याकाळी तेलाचे दिवे लागत होते. मुंबईतल्या बहुतेक घरांत विजेचा दिवा पोहोचण्याच्या कितीतरी आधी बॅटरीवरचा टेलिफोन शहरात आला होता.

बल्बपेक्षा वितरण अवघड का होते?

ऑक्टोबर १८७९ मध्ये मेन्लो पार्कमध्ये कार्बनच्या तंतूचा बल्ब कित्येक तास जळत राहिला. विजेचे दिवे त्याआधीही इतरांनी बनवले होते. एडिसनपुढचा खरा प्रश्न वेगळा होता. एकाच ठिकाणी वीज तयार करून ती शेकडो घरांत पोहोचवायची, प्रत्येक दिवा स्वतंत्रपणे लावता-विझवता आला पाहिजे, वापर मोजता आला पाहिजे आणि एका घरात बिघाड झाला तर शेजारचे घर अंधारात जाता कामा नये.

दिवे एकापुढे एक साखळीत जोडले, तर एक गेला की सगळे जातात. म्हणून त्याने प्रत्येक दिव्याला दोन मुख्य तारांमध्ये स्वतंत्र जागा दिली. तांब्याचा खर्च आवाक्यात राहावा म्हणून जास्त रोध असलेला तंतू निवडला. प्रवाह कमी लागला तर तार बारीक चालते, हे त्यामागचे गणित होते. रस्त्यांवर डोक्यावरून तारांचे जाळे नको, म्हणून लोखंडी नळ्यांत तांब्याच्या सळ्या घालून त्या जमिनीखाली पुरल्या. मीटरही त्यानेच बनवला. त्यात जस्ताच्या पट्ट्या असत, दर महिन्याला त्यांचे वजन करून बिल काढले जाई.

४ सप्टेंबर १८८२ रोजी दुपारी तीन वाजता न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचे वीजघर सुरू झाले. वॉल स्ट्रीट परिसरातले सुमारे ४०० दिवे लागले. दाब होता साधारण ११० व्होल्ट, वीज डीसी. एडिसन त्या क्षणी बँकर जे. पी. मॉर्गनच्या कचेरीत होता.

फ्यूज कुठून आला?

दोन तारा चुकून एकमेकींना चिकटल्या की त्यांतून प्रचंड प्रवाह वाहतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दहापट झाला तर उष्णता शंभरपट. तार लाल होते, तिच्यावरचे आवरण पेटते आणि भिंतीतल्या लाकडाला आग लागते. विजेच्या दिव्याबद्दल त्या काळी लोकांच्या मनात हीच सर्वांत मोठी भीती होती.

उपाय तारायंत्राच्या जगातून आला. फ्रान्समध्ये लुई ब्रेगे याने १८४७ मध्येच तार कचेऱ्यांचे विजांपासून रक्षण करण्यासाठी वाटेत बारीक तारेचा तुकडा ठेवण्याची सूचना केली होती. आकाशातली वीज तारेवर पडली की तो तुकडा जळून जाईल आणि आतली यंत्रे वाचतील, असा विचार होता. एडिसनने ही कल्पना घरगुती वितरणात आणली आणि १८८० मध्ये आपल्या सुरक्षा-वाहकाचे पेटंट घेतले. प्रत्येक फाट्याच्या तोंडाशी लवकर वितळणाऱ्या धातूचा छोटा तुकडा ठेवायचा. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तो वितळतो आणि वाट तुटते. पुढे हा तुकडा बल्बसारख्याच आटे असलेल्या बुचात बसवला गेला, म्हणजे बदलणे सोपे झाले.

संपूर्ण जाळ्यातला सर्वांत कच्चा दुवा कुठे असावा, हे अपघातावर न सोडता आधीच ठरवून टाकणे, हा त्यातला विचार आहे. बिघाड होणारच, पण तो जिथे झाला तिथेच थांबावा. गिरगावातल्या जुन्या चाळीत जिन्याखाली, बेस्टच्या मीटरशेजारी असणारा चिनीमातीचा पांढरा किटकॅट फ्यूज याच कल्पनेचा वंशज. फ्यूज उडाला की टॉर्च घेऊन खाली जायचे आणि तार बांधून यायचे, हे अनेक घरांतल्या मोठ्या मुलाचे कामच असे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फ्यूज तारेला आणि इमारतीला आगीपासून वाचवतो, माणसाला शॉकपासून वाचवत नाही. माणसाचा जीव घ्यायला लागणारा प्रवाह इतका थोडा असतो की फ्यूजला त्याची जाणीवही होत नाही. त्यासाठी आज आरसीसीबी नावाचे वेगळे उपकरण बसवतात.

एडिसन कुठे हरला?

डीसी पद्धतीत एक मोठी उणीव होती. ११० व्होल्टवर वीज फार दूर नेता येत नव्हती. दीड-दोन किलोमीटरच्या पुढे तारेतच तिचा मोठा भाग उष्णता होऊन वाया जाई. म्हणजे शहराच्या प्रत्येक वस्तीत वेगळे वीजघर हवे. १८८६ पासून जॉर्ज वेस्टिंगहाउसने एसी, म्हणजे उलटसुलट दिशेने वाहणारी वीज, बाजारात आणली. ट्रान्सफॉर्मर वापरून तिचा दाब वाढवून दूर नेता येई आणि ग्राहकापाशी पुन्हा उतरवता येई. काही महिने एडिसनच्याच कंपनीत काम करून बाहेर पडलेल्या निकोला टेस्लाची मोटर वेस्टिंगहाउसने घेतली आणि एसीचे पारडे जड झाले.

एडिसनने या स्पर्धेला सुरक्षिततेचा प्रश्न बनवले. त्यात तथ्य होते. न्यूयॉर्कमध्ये उच्चदाबाच्या एसी तारा तार आणि टेलिफोनच्या तारांशेजारून खांबांवरून जात होत्या. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी जॉन फीक्स नावाचा वेस्टर्न युनियनचा लाइनमन खांबावर चढून तारेच्या, म्हणजे कमी दाबाच्या, वायरी काढत होता. त्यांपैकी एक वायर दूर कुठेतरी उच्चदाबाच्या तारेला चिकटली होती. भर दुपारी, रस्त्यावरच्या गर्दीच्या डोळ्यांदेखत तो खांबावरच गेला. त्यानंतर न्यूयॉर्कने डोक्यावरच्या धोकादायक तारा उतरवायला सुरुवात केली.

पण या लढाईत एडिसनची बाजू स्वच्छ राहिली नाही. १८८८ मध्ये एसी किती प्राणघातक आहे हे दाखवण्यासाठी त्याच्या प्रयोगशाळेत कुत्रे, वासरे आणि एक घोडा विजेने मारण्यात आले. देहदंडासाठी एसी वापरावी, असे मत त्याने दिले. ६ ऑगस्ट १८९० रोजी विल्यम केमलर या कैद्याला विजेच्या खुर्चीत पहिल्यांदा देहदंड दिला गेला. पहिल्या झटक्यात तो मेला नाही, दुसरा द्यावा लागला. प्रतिस्पर्ध्याच्या विजेला मृत्यूचे नाव चिकटावे, हा हेतू लपून राहिला नाही. ज्याने आयुष्यभर मोजून-मापून प्रयोग केले, त्याने एसीच्या फायद्यांकडे मात्र डोळेझाक केली.

१८९२ मध्ये त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि जनरल इलेक्ट्रिक जन्माला आली. नावातून एडिसन गळला. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात दिवे लावण्याचे काम वेस्टिंगहाउसला मिळाले आणि काही वर्षांतच नायगाराची वीज एसी रूपात दूरच्या शहरात पोहोचली.

परळने एसी का निवडली?

एसी का जिंकली याचे उत्तम उदाहरण मुंबईतच आहे. गिरण्यांना सह्याद्रीतल्या पाण्याची वीज मिळावी, हे जमशेटजी टाटांचे स्वप्न होते. १९०४ मध्ये ते वारले. ते काम पुढे नेले दोराबजींनी आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज परळला पोहोचली. अंतर सुमारे ७० किलोमीटर, दाब सुमारे १ लाख व्होल्ट, वीज एसी.

आता साधे गणित करू. तेवढीच शक्ती न्यायची असेल आणि दाब १०० व्होल्टऐवजी १ लाख व्होल्ट केला, तर प्रवाह एक हजारपट कमी लागतो. तारेतली हानी प्रवाहाच्या वर्गावर ठरते, म्हणून त्याच तारेत ती दहा लाखपट कमी होते. एडिसनच्या ११० व्होल्टवर खोपोलीची वीज परळच्या गिरण्यांपर्यंत कधीच आली नसती.

डीसी मात्र शहरातून गेली नाही. ७ मे १९०७ पासून मुंबईत धावू लागलेल्या विजेच्या ट्राम डीसीवर चालत. दादर टीटी या नावातला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, त्याच ट्रामची आठवण. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावलेली देशातली पहिली विजेची लोकल १,५०० व्होल्ट डीसीवर धावली. पश्चिम रेल्वेचा मार्ग २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वेचा हार्बर मार्ग एप्रिल २०१६ मध्ये पूर्णपणे एसीवर गेला. दादर आणि परळ स्थानकांवरून नव्वद वर्षांच्या आसपास डीसी गाड्या धावल्या. खुद्द न्यूयॉर्कमधला शेवटचा डीसी पुरवठा नोव्हेंबर २००७ मध्ये बंद झाला, म्हणजे पर्ल स्ट्रीटनंतर १२५ वर्षांनी.

टेलिफोनने डीसी का सोडली नाही?

कारण बॅटरी डीसीच देते. एक्स्चेंजमध्ये बाहेरून येणारी एसी वीज रेक्टिफायर नावाच्या यंत्रातून डीसी होते. तीच यंत्रे चालवते आणि त्याच वेळी बॅटरीही भरत ठेवते. बॅटरी त्याच तारेवर कायम जोडलेली असते. बाहेरची वीज गेली तर काही चालू-बंद करावे लागत नाही, बॅटरी त्या क्षणापासून भार उचलते. जनरेटर सुरू होईपर्यंतचा वेळ ती भरून काढते. १२ ऑक्टोबरला टॉवर ज्यांच्या बळावर तगले, ती ही सोय.

४८ व्होल्टचा आकडा शिशाच्या बॅटरीवरून आला. दोन व्होल्टचे २४ घट, किंवा १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या. लांबच्या टेलिफोनपर्यंत प्रवाह पोहोचावा इतका हा दाब पुरेसा आहे आणि कोरड्या हाताने स्पर्श झाल्यास सहसा जीवघेणा नाही. यात धन टोक जमिनीला जोडतात, म्हणून दाब उणे ४८ व्होल्ट असा लिहितात. तार जमिनीच्या तुलनेत धन असेल तर ओलाव्यात तिचे तांबे हळूहळू झिजून जाते. ऋण असेल तर ते टिकते. पावसाळ्यात मुंबईच्या रस्त्यांखाली पाण्यात राहणाऱ्या केबलींसाठी हा फरक महत्त्वाचा होता.

रॅकमधले फ्यूज पॅनेल कसे ठरवतात?

हे पॅनेल म्हणजे १९ किंवा २३ इंच रुंदीच्या रॅकमध्ये सर्वांत वर बसवलेली चपटी पेटी. उंची साधारण एक किंवा दोन यू, एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. मागून बॅटरीकडच्या जाड तारा येतात, पुढे छोट्या फ्यूजच्या रांगा असतात. पेटीचे दोन स्वतंत्र अर्धे असतात, ए आणि बी. प्रत्येक यंत्राला दोन्हींकडून वीज दिली जाते, म्हणजे एक बाजू गेली तरी दुसरी असते. यात वापरला जाणारा छोटा फ्यूज उडाला की त्यातली स्प्रिंग सुटते, रंगीत पट्टी बाहेर येते आणि स्प्रिंगचे टोक धोक्याची सूचना देणाऱ्या पट्टीला टेकते. अंधारातही कोणता फ्यूज गेला ते कळते आणि दूरच्या नियंत्रण कक्षात घंटा वाजते.

फ्यूज निवडताना तीन चुका होऊ शकतात. तिन्हींची गंमत अशी की, एरवी सगळे सुरळीत दिसते आणि नेमकी वीज गेल्याच्या दिवशी चूक उघडी पडते.

पहिली चूक दाबाची. समजा एक यंत्र १,२०० वॉट घेते. बाहेरची वीज असताना दाब ५४ व्होल्ट असतो, म्हणून प्रवाह सुमारे २२ अँपिअर. वीज गेली आणि बॅटरी उतरत ४३ व्होल्टवर आली की तेवढ्याच कामासाठी प्रवाह सुमारे २८ अँपिअर होतो. फ्यूजवर सतत वाहणाऱ्या प्रवाहाच्या सव्वापट क्षमता ठेवण्याची रीत आहे. २८ ची सव्वापट ३५ होते. कोणी ५४ व्होल्टचाच आकडा धरून ३० चा फ्यूज बसवला, तर तो बॅटरीच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे सर्वांत गरजेच्या वेळी, मर्यादेच्या काठावर येतो.

दुसरी चूक अर्ध्या भाराची. रोज ए आणि बी मिळून भार वाटून घेतात, प्रत्येकावर निम्माच दिसतो. तो आकडा पाहून लहान फ्यूज बसवले, तर बी बाजू बंद पडताच सगळा भार ए वर येतो आणि तोही फ्यूज उडतो. दोन वाटा असूनही यंत्र बंद. म्हणून प्रत्येक बाजू एकटी सगळा भार पेलेल, असेच धरायचे असते.

तिसरी चूक बेरजेची. प्रत्येक फ्यूज बरोबर असला तरी २८ अँपिअरची चार यंत्रे मिळून ११२ अँपिअर होतात. पॅनेल १०० अँपिअरचे असेल, तर वरचा मुख्य ब्रेकर पडतो आणि संपूर्ण रॅक अंधारात जातो. खालचा फ्यूज वरच्या ब्रेकरच्या आधी तुटला पाहिजे, तरच बिघाड एका यंत्रापुरता राहतो. पर्ल स्ट्रीटच्या जाळ्यातही हीच शिस्त पाळावी लागत होती.

आणखी दोन पथ्ये आहेत. तार नेहमी फ्यूजपेक्षा जास्त प्रवाह सोसणारी हवी, कारण फ्यूज तारेचा राखणदार आहे. आणि फ्यूजवर डीसीचा दाब छापलेला हवा. एसी प्रवाह प्रत्येक फेऱ्यात शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी विझते. डीसी शून्यावर येत नाही, त्यामुळे ठिणगी चालू राहू शकते.

एडिसनच्या शेवटच्या वर्षांत काय झाले?

वीजधंद्यातून बाहेर पडल्यावर एडिसन पुन्हा बॅटरीकडे वळला. शिशापेक्षा हलकी, टिकाऊ निकेल-लोखंडाची बॅटरी त्याने १९०० नंतर बनवायला घेतली. बाजारात आलेल्या पहिल्या बॅटऱ्या गळू लागल्या, तेव्हा त्याने उत्पादन थांबवले आणि पुन्हा कित्येक वर्षे प्रयोग केले. सुधारलेली बॅटरी १९१० च्या आसपास आली आणि खाणकामगारांच्या दिव्यांत, रेल्वेच्या सिग्नलमध्ये चालली. ९ डिसेंबर १९१४ च्या रात्री वेस्ट ऑरेंजचा त्याचा कारखाना मोठ्या आगीत जळाला. तेव्हा तो ६७ वर्षांचा होता. त्याने तो पुन्हा उभा केला.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी ८४ व्या वर्षी एडिसनचे निधन झाले. श्रद्धांजली म्हणून सगळ्या देशाची वीज मिनिटभर बंद करावी, असा विचार अमेरिकेत पुढे आला. पण तोवर रुग्णालये, पाण्याचे पंप, टेलिफोन अशा गोष्टी विजेवर इतक्या अवलंबून झाल्या होत्या की तसे करणे धोक्याचे ठरले असते. शेवटी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी २१ ऑक्टोबरच्या रात्री लोकांना मिनिटभर आपापले दिवे मालवण्याचे आवाहन केले. एकेक दिवा स्वतंत्रपणे मालवता येईल, अशी व्यवस्था त्यानेच तर केली होती.

घरच्या फ्यूजकडे कसे पाहावे?

जुन्या घरांत फ्यूज वारंवार उडू लागला की जाड तार किंवा दुहेरी तार बांधण्याची सवय अजून दिसते. एसी, गीझर, इंडक्शन वाढले आणि भिंतीतली वायर मात्र चाळीच्या काळातलीच राहिली, तर कच्चा दुवा फ्यूजमधून भिंतीत सरकतो. एमसीबी असेल तर त्यावर अँपिअरचा आकडा छापलेला असतो. तो आकडा वायरच्या जाडीशी जुळतो का, हे परवानाधारक वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे. एमसीबी सारखा पडत असेल तर मोठा बसवण्याआधी तो का पडतो, हे शोधावे.